शेडवरचा सुभेदार

पासलीत एसटीतून उतरणाऱ्या माणसाला पहिले भेटतात ते रखमाजी रेणुसे. प्रत्यक्ष नव्हे, थांब्याच्या शेडच्या भिंतीवर. 'सुभेदार रखमाजी रेणुसे यांचे पासली गावी सहर्ष स्वागत' ही निळ्या ऑइलपेंटातली ओळ तिथं तेवीस वर्षं आहे. पावसाळ्यात भिंत ओल धरते, 'सहर्ष'चा पोपडा निघतो, पण दिवाळीच्या आधी हैबती पेंटर शिडी लावून सगळी अक्षरं पुन्हा गिरवतो. त्याचे तो पैसे घेत नाही. गावच्या सुभेदाराचं काम आहे म्हणतो.

आता खरं सांगायचं तर रखमाजी कधी सुभेदार नव्हतेच. दंडावर तीन फितींचे हवालदार म्हणून ते घरी आले, आणि ही गोष्ट सबंध मुलखात एका माणसाला ठाऊक होती. तो सारोळ्याला राहायचा. म्हणून रखमाजी तेवीस वर्षांत सारोळ्याच्या एकाही लग्नाला गेले नव्हते.

झालं होतं असं. हवालदाराला सुभेदारकी मिळायची तर आधी लष्कराच्या शाळेत जाऊन शिकावं लागतं, पास व्हावं लागतं. रखमाजींचा नंबर लागला तेव्हा त्यांनी घरी पत्र टाकलं, की सुभेदाराच्या शाळेला निघालो आहे. पत्र देवळाच्या पारावर वाचलं गेलं आणि शाळेला निघालेला माणूस गावानं परस्पर पास करून टाकला. सरपंचांनी हैबतीला बोलावलं, भिंत रंगवून घेतली. तिकडं शाळेत रखमाजी धावण्यात पुढं, नेमबाजीत पुढं, डोळे बांधून रायफल खोलण्यात सगळ्यांच्या पुढं. मग चौथ्या आठवड्यात धडा द्यायचा दिवस आला. चाळीस हवालदार समोर बसलेले, मागं एक साहेब, आणि रखमाजींनी उभं राहून वीस मिनिटं शिकवायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी दिली, तरी तेच. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, चार जणांपुढं बोलता येत नाही त्याला सुभेदार करून मी त्याचेच हाल करीन. रखमाजींना परत पलटणीत धाडलं. त्याच वर्षी पेन्शन घेऊन ते पासलीत उतरले, तर शेडसमोर लेझीम, गळ्यात हार, खांद्यावर शाल आणि भिंतीवर ती ओळ.

चाळीस जणांपुढं जो बोलू शकला नाही तो चारशे जणांपुढं काय बोलणार? शाल पांघरून काढलेला फोटो ओटीवर लागला. शालीखाली फिती आहेत की नाहीत हे कुणी बघायला गेलं नाही. जत्रेचा पहिला नारळ त्यांच्या हातून फुटू लागला, पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्या हातून चढू लागला. दोन शब्द बोला, असा गुरुजींनी आग्रह केला की ते नुसता हात वर करत. लोक म्हणत, फौजी माणूस, बोलणं कमी. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सुभेदार आहे असं आपण स्वतः एकदाही म्हटलेलं नाही, याचं रखमाजींना मोठं समाधान होतं. खोटं बोललो नाही, फक्त खोडलं नाही, असा त्यांचा हिशोब. पेन्शनचं पुस्तक मात्र, त्यावर हुद्दा लिहिलेला म्हणून, ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. कोट धुवायला पडला तरी पुस्तक हातात.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि या दसऱ्याच्या सुमारास त्यांचा मुलगा हनुमंत, एकोणीस वर्षं नोकरी झालेला हवालदार, त्याच शाळेत गेला.

सबंध गाव खूश, आणि रखमाजी धास्तावले. त्या शाळेत जुनी रजिस्टरं असतील. एखादा म्हातारा कारकून असेल. रेणुसे आडनाव ऐकून तो म्हणेल, अरे, या नावाचा एक जण मागं इथून परत गेला होता. हनुमंतचा पहिल्या आठवड्यात फोन आला. त्यानं सहज विचारलं, आबा, तुमच्या वेळेला मैदानाच्या कडेला तळं होतं का? सहज कसलं. रेंज नाही म्हणून त्यांनी फोन बंद केला. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, तुमचा धडा कशावर होता? त्या दिवसापासून रखमाजींनी मोबाईल गोठ्यात पेंढ्यावर ठेवायला सुरुवात केली. वाजला तर म्हैस ऐकेल. तिसऱ्या आठवड्यात फोनच आला नाही, आणि तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली, की पोराला कळलं.

आणि एका गुरुवारी, भाताची झोडणी चालू असताना, हनुमंत पेटी घेऊन दारात उभा राहिला.

दहा दिवसांची रजा आहे म्हणाला. अशा शाळेच्या मधेच रजा मिळत नाही, हे रखमाजींपेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? बायकोमुलांना पलटणीच्या क्वार्टरमध्येच ठेवून एकटा आला होता. काळ्या पेटीला नवंकोरं पितळी कुलूप. घरात पेटीला कुलूप लावायची पद्धत नाही, असं त्याची आई सगुणाबाई म्हणाल्या, तर तो नुसता हसला, आणि ते हसणं रखमाजींना मुळीच आवडलं नाही. हनुमंत म्हणजे बोलका माणूस. लहानपणी गुराख्यांत बसून तासन् तास गोष्टी रंगवणारा. आता तो अंगणात बसून नुसता तोरण्याकडं बघायचा. बापाची नजर आली की आपली फिरवायची.

पण ओटीवरचा फोटो मात्र त्यानं काढून पुसला. पुसताना बराच वेळ बघत राहिला. शालीकडंच बघतोय, असं रखमाजींना वाटलं. मग चहा पिताना एकदम म्हणाला, आबा, सुभेदार झाल्यावर तुमी पयलं काय केलं? रखमाजींना ठसका लागला. पाठीवर थापा मारून मारून सगुणाबाईंचा हात दुखला, पण ठसका काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी हनुमंत उठून शेडकडं निघाला. रखमाजी मागून निघाले. पेंढ्याच्या गंजीआड उभं राहून, निवृत्त हवालदार स्वतःच्याच पोरावर टेहळणी करू लागला. हनुमंत भिंतीपुढं उभा. ओळ वाचत होता. एकदा त्यानं 'सुभेदार'वरून बोट फिरवलं, रंग जुना आहे की नवा ते बघावं तसं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. रखमाजींच्या मनात त्या वेळी सबंध पौर्णिमा होती.

तेवढ्यात कुंडलिक टेम्पो घेऊन आला. हा गावातलं भात वेल्ह्याच्या गिरणीला नेतो, आणि गावातल्या बातम्या तालुकाभर. गंजीआडचे सुभेदार पाहून त्याला काही विशेष वाटलं नाही. म्हणाला, हनुमंत कवा आला? म्या तर त्याला मंगळवारीच बगितला. सारोळ्याच्या पुलापाशी.

रखमाजी मनातल्या मनात रस्ता मोजू लागले. पुण्याहून येणाऱ्याला वेल्ह्याला यायचं तर नसरापूरच्या फाट्याला वळायचं. सारोळं त्याच्याही पुढं, नीरेच्या पुलाजवळ. वाट चुकून कुणी तिथं जात नाही. मंगळवारी सारोळ्यात, घरी गुरुवारी. दोन दिवस तिथं कोणाकडं? सारोळ्यात फौजेतला एकच माणूस होता. सिद्धनाथ. रखमाजींच्याच तुकडीतला, त्याच चाळिसांत समोर बसलेला, पास होऊन खराखुरा सुभेदार झालेला.

शनिवारी सकाळच्या एसटीनं रखमाजी निघाले. भोरला चष्म्याचं काम आहे असं घरात सांगितलं. गाडीत त्यांनी मनातल्या मनात सगळी तयारी केली. सिद्धनाथचे पाय धरायचे, की सरळ त्याला दम द्यायचा? की आधीच गावात पसरवून द्यावं, की सिद्धनाथला आता वयामुळं काही आठवत नाही? या शेवटच्या विचाराची त्यांना लाज वाटली, पण फाटा येईपर्यंत तो विचार काही त्यांनी टाकला नाही.

सिद्धनाथचं पुलाच्या अलीकडं छोटं दुकान आहे. आजी-माजी सैनिकांचे अर्ज, दाखले, पेन्शनची कामं तो तिथं बसून करून देतो. रखमाजींना बघून तो उठला, त्यांच्याकडं नीट बघितलं, आणि काही विचारायच्या आतच म्हणाला,

"न्हाई सांगितलं, रखमा. तेच इचारायला आलास न्हवं?"

रखमाजी खुर्चीत बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "मग दोन दिवस तुज्याकडं काय करत हुता?"

सिद्धनाथनं खण उघडून एक कागद समोर ठेवला. डिस्चार्जचा अर्ज होता. घरगुती कारणास्तव नोकरी सोडून पेन्शन घेऊ इच्छितो. नाव हनुमंत रखमाजी रेणुसे. सही नव्हती.

"आज देतो, उद्या देतो करून म्या त्याला दोन दिवस हितं ठिवून घेतला," सिद्धनाथ म्हणाला. "मन फिरंल म्हनून. आता सोमवारी सहीला येनार हाय. शाळंनं परत धाडलाय त्याला."

रखमाजींना आधी कळेचना. हनुमंत? बोलका, चपळ, सगळ्यात पुढचा हनुमंत? तेवीस वर्षांपूर्वी चौथ्या आठवड्यात परत धाडलेला माणूस, समोर चौथ्या आठवड्यात परत आलेली पेटी बघतो, आणि त्याला एवढीही शंका येत नाही. आपलंच भूत बघण्यात तो गुंतलेला.

सिद्धनाथनं सांगितलं ते असं. नकाशावरून तुकडी न्यायची परीक्षा होती. सपाट माळ, चारी बाजूंनी सारखंच रान, कुठं डोंगराची रेघ नाही. हनुमंत जन्माचा तोरण्याखालचा. तोरणा कुठं ते बघितलं की त्याला दिशा कळते, होकायंत्र बघायची गरज नाही. त्या माळावर त्यानं पुन्हा पुन्हा मान वर केली, होकायंत्राकडं नीट बघितलं नाही, आणि दहा माणसं घेऊन भलत्याच गावाच्या विहिरीवर जाऊन पोचला. साहेबानं परत पाठवताना लिहून दिलंय, की माणूस चांगला आहे, पुढच्या तुकडीला पुन्हा पाठवा.

"मग जाऊ दे की पुन्हा."

"जात न्हाई म्हनतो." सिद्धनाथनं कागद पुन्हा खणात सारला. त्याला पुढचं बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. "म्हनतो, सुभेदाराच्या घरात परत आलेल्या हवालदारानं कुठल्या तोंडानं ऱ्हायाचं. आबाला कळलं तर त्यो जिता मरंल. म्या म्हनलं, तुज्या बापाला म्या वळखतो, त्याच्याशी बोल. तर पाया पडला माज्या. आबाला सांगू नगा म्हनून."

रखमाजी हायवेकडं बघत बसले. इतकी वर्षं त्यांना भीती वाटत आली होती. आता पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती भीतीपेक्षा फार जड निघाली. पोर त्यांच्यावर पाळत ठेवायला आलंच नव्हतं. ते भिंतीवरच्या ओळीला भिऊन पेटीला कुलूप लावून बसलं होतं.

चहा घे, असं सिद्धनाथ म्हणाला. रखमाजी उठले. म्हणाले, सोमवारी तो आला तर मला फोन कर, आणि न आला तरी कर. मग ते भोरच्या गाडीत बसले. चष्म्याचं दुकान त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाजारात निळ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि एक ब्रश घेतला, पिशवीत तळाशी ठेवला आणि उलट फिरून वेल्ह्याची एसटी धरली.

रविवारी सकाळच्या गाडीला गर्दी असते. पोती, कोंबड्या, वेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या बाया, गप्पा मारायला आलेले रिकामे लोक मिळून तीस-चाळीस माणूस शेडमध्ये जमतं. रखमाजींनी हनुमंतला हाक मारली. घरातलं स्टूल घे आणि माझ्याबरोबर चल म्हणाले. कशाला, ते सांगितलं नाही. हनुमंतही आता बापाकडं संशयानं बघत होता. स्टूल घेऊन तो मागून आला.

स्टूल भिंतीला लावलं. धर, असं रखमाजी म्हणाले आणि वर चढले. डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि 'सुभेदार'वर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड निळा पट्टा ओढला.

पहिला ओरडला तो हैबती. त्याची अक्षरं होती ती, पंधरवड्यापूर्वीच गिरवलेली. मग सगळेच वळले. रखमाजींनी स्टुलावरच पाठ भिंतीला लावली आणि लोकांकडं तोंड केलं.

ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. तेवढीच माणसं, तेवढेच डोळे. जीभ टाळूला चिकटली. त्यांचा हात आपोआप वर गेला, पंधरा ऑगस्टला जायचा तसा, आणि लोक हलू लागले, की झालं, सुभेदारांचं भाषण संपलं. खाली स्टूल जरा डुगडुगलं. रखमाजींनी खाली बघितलं. हनुमंतनं दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं होतं.

त्यांनी हात खाली घेतला.

"म्या सुभेदार न्हाई," रखमाजी म्हणाले. आवाज घोगरा निघाला, पण निघाला. "हवालदार हाय. हवालदार म्हनूनच घरी आलो. शाळंत गेलो हुतो, ते खरं हाय. चौथ्या आठवड्याला तितनं परत धाडलं. वर्गाम्होरं उभा ऱ्हायलो आन तोंड उघडंना. हितं आलो तवा भितीवर नाव लिवल्यालं हुतं. ते म्या खोडाया पायजे हुतं. न्हाई खोडलं. तुमी नारळ दिला, झेंडा दिला, म्या घेत गेलो." इथं त्यांचा श्वास संपला. त्यांनी पुन्हा घेतला. "परत आल्यालं मानूस मरत न्हाई. लपवल्यालं मरतं. एवढंच."

वीस मिनिटं काही झाली नाहीत, मिनिटभर झालं असेल. मग म्हातारी अंबूबाई, जिच्या घराण्याकडं जत्रेचा पहिला नारळ पूर्वी असायचा, ती पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "तेवीस वरसं आमच्या हातचा नारळ घिऊन फोडला की रं." आणि तिनं तोंड फिरवलं. ती एसटी येईपर्यंत तशीच बसली. हैबती पुढं आला, ब्रश हातातून काढून घेतला आणि रागानं म्हणाला, उतरा खाली, तुमाला न्हाई जमायचं, आता काय लिवू ते सांगा. हवालदार लिही, असं रखमाजी म्हणाले. पट्ट्याच्या वर एवढ्या जागेत 'हवालदार' बसंना, असं हैबती बराच वेळ कुरकुरला, आणि अक्षरं दाबून बसवू लागला. कुंडलिकनं टेम्पोतून डोकं बाहेर काढून विचारलं, की सुभेदार, तुमचं भात आज न्यायचं का उद्या? सवय कुठं एका दिवसात जाते.

हनुमंतनं स्टूल सोडलंच नव्हतं. वर आता हैबती उभा होता, तरी त्याचे हात तिथंच. मग त्यानं बापाकडं न बघता, हळू आवाजात सांगितलं,

"आबा, तितं डोंगूरच न्हाई. कुठं बगावं तेच कळंना."

"ठावं हाय," रखमाजी म्हणाले. "म्या बी तितं पयल्या दिशी तोरणाच हुडकला हुता."

घरी गेल्यावर रखमाजी सगुणाबाईंना सगळं सांगायला बसले. त्यांनी अर्ध्यात थांबवलं. म्हणाल्या, तेवीस वरसं कोटाचा खिसा छातीशी धरून बसनाऱ्याच्या बायकूला काय ठावं नसतं व्हय? आणि त्या भाकरी थापायला गेल्या.

हनुमंतनं मात्र त्यानंतर एक शब्द काढला नाही. पुढच्या तुकडीचं नाव नाही, अर्जाचं नाव नाही. सोमवारी सकाळी, रजा बाकी असतानाच, पेटी बांधली आणि निघतो म्हणाला. कुठं, असं सगुणाबाईंनी विचारलं, तर नोकरीवर, म्हणाला. रखमाजी शेडपर्यंत गेले. गाडीत पेटी चढवायला हात लावला. नसरापूरच्या फाट्याला डावीकडं पुणं, उजवीकडं सारोळं. कुठं वळणार हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. गाडी वळणाआड गेली आणि जुना संशय पुन्हा जागा झाला. फक्त आता तो पोराविषयी नव्हता. आपण बोललो त्याचा काही उपयोग झाला की नाही, याविषयी होता.

त्या दिवशी मोबाईल गोठ्यात ठेवला नव्हता. झोडणी करताना त्यांनी तो समोरच्या दगडावर ठेवला होता, आणि दर चार पेंढ्यांमागं त्याच्याकडं बघत होते. दुपारी तीनला तो वाजला. सिद्धनाथ होता.

"वाट बगून दुकान बंद करतोय," तो म्हणाला. "तुजा हनुमंत काय आला न्हाई."

रखमाजींनी हातातली पेंढी खळ्यात ठेवली. ते घरात गेले आणि सगुणाबाईंना विचारलं, की चढवताना पेटीला कुलूप दिसलं नाही, ते कुठं गेलं. त्यांनी कोनाड्याकडं बोट दाखवलं. नवं पितळी कुलूप तिथं किल्लीसकट ठेवलेलं होतं.